सगळ्यात म्हातारीनं आधी उठायचं

माझी सून बाजाराच्या संडासात पडली, आणि दाराला आतून कडी नव्हती म्हणून मी तिच्यापर्यंत पोचले. त्या कडीवरून मी बाजाराच्या ठेकेदाराला कितीदा शिव्या दिल्या होत्या. त्या दिवशी कडी असती तर दार फोडायला माणूस शोधत फिरावं लागलं असतं.

मी बाहेरून दार ओढून धरून उभी होते. आत आधी डबा पडल्याचा आवाज आला, मग ती पडल्याचा. दार ढकललं तर ते तिच्या पाठीला लागलं. अंग चोरून मी आत शिरले. ती भिंतीला घासत खाली आली होती, एक पाय भांड्यात, साडी खालच्या पाण्यात, आणि ते पाणी नव्हतं. सातवा महिना होता. दोन्ही हातांनी तिनं पोट धरलं होतं. मे महिना होता, वर पत्रे होते, आत श्वास घेववत नव्हता, आणि तिचे दात वाजत होते.

"आत्या, थंडी वाजून राह्यली," ती म्हणाली.

मी तिला म्हटलं, "भिंतीले हात लावू नको."

हे माझे पहिले शब्द. पोरीचं अंग तव्यासारखं तापलेलं, पोटात मूल, आणि मला भिंतीवरचे जंतू दिसत होते. नंतर लोकांनी मला विचारलं, तेव्हा मी हे कुणाला सांगितलं नाही. इथे लिहिते.

ती माझ्या भावाची मुलगी. आमच्याकडे भावाची मुलगी सून करून आणायची रीत आहे, म्हणून ती मला आत्याच म्हणते. माझा मुलगा सूरजागडच्या खाणीवर ट्रक चालवतो, पंधरा दिवसांनी घरी येतो. घरी आम्ही दोघीच. शिंदीच्या पानांचे फडे बांधतो, म्हणजे घर झाडायचे झाडू, आणि हंगामात मोहफुलं, चारोळी, तेंदूच्या झाडाची टेंभरं असं रानातलं जे मिळेल ते आठवडी बाजारात नेतो. तालुक्याचं नाव मी लिहीत नाही. तिथले लोक वाचतील तेव्हा त्यांना कळेल, आणि बाकीच्यांनी आपापल्या बाजारात जाऊन बघावं.

बाजारात आमच्या नऊ बायांची एक रांग असते, चिंचेच्या झाडापासून मोटारींच्या दुकानापर्यंत. माझी सासू तिथंच बसायची. या रांगेची एक रीत आहे. रांगेत सगळ्यात म्हातारी बाई उठल्याशिवाय कोणी उठायचं नाही. पूर्वी बाजाराच्या मागे नाला होता, पळसाची झुडपं होती. दुपारी म्हातारी उठायची, तिच्या मागे चौघी जायच्या, चौघी माल राखायच्या. मग त्या आल्या की दुसऱ्या चौघी. एकटी बाई नाल्याकडे गेली तर माणसं मागे यायची, म्हणून ही रीत. चांगली रीत होती. तरण्या पोरीला "मला जायचं आहे" असं तोंडानं म्हणावं लागत नव्हतं. म्हातारी उठली की सगळ्यांचं काम व्हायचं.

मग गावानं नाला बुजवला. तिथे भिंत आली, भिंतीपलीकडे दुकानांचे गाळे आले. भिंतीवर डोक्यावर पदर घेतलेली हसरी बाई रंगवली आणि खाली लिहिलं की उघड्यावर बसणाऱ्यास दंड होईल. गाव हागणदारीमुक्त झालं. समारंभ झाला, पेढे वाटले. आम्हालाही एकेक दिला.

बायांसाठी दोन खोल्यांचा संडास बांधला. एका खोलीत ठेकेदारानं मंडपाचे बांबू भरले. ते आजही तिथेच आहेत. दुसरीत नळ आहे, नळाला तोटी नाही. कोपऱ्यात एक ड्रम, त्यात हिरवं पाणी, पाण्यात किडे. तेलाचा एक पत्र्याचा डबा, बुडाला भोक. सगळा बाजार तो एकच डबा हातात घेतो. भिंतीवर लोकांनी बोटं पुसली आहेत. खालची जमीन मी दिवसाउजेडी कधी कोरडी पाहिली नाही. हे बांधणाऱ्यानं आपल्या बायकोला एकदा तरी आत पाठवायला हवं होतं.

पहिल्या उन्हाळ्यात मी गेले. चार दिवसांत जांघेत फोड आले, खाज अशी की चालवत नव्हतं. गावच्या सिस्टरनं गोळ्या दिल्या आणि म्हणाली, "बाजारातल्या संडासातून आलं असन, बाई. तिथी जंतू रायतेत. जाऊ नका तिकडे." मी चौथीपर्यंत शिकले आहे. जंतू काय असतात ते शाळेच्या भिंतीवर चित्रात बघितलं होतं, डोळे आणि दात असलेले. मी तेव्हाच ठरवलं की आपण त्या दारात पाय ठेवायचा नाही.

म्हणून मी बाजारात पाणी सोडलं. सकाळी घोटभर चहा, मग घरी परत येईपर्यंत काही नाही. फारच घसा कोरडा पडला तर चिंचेचं बुटूक चोखायचं. मी उठत नव्हते, म्हणून रांगेत कोणी उठत नव्हतं. एकीनंही मला विचारलं नाही, "बाई, काऊन उठत नाई?" मी सगळ्यात म्हातारी. मी बसले म्हणजे बसायचं होतं.

मला याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू. बाजाराच्या बाया आजारी पडायच्या, मी पडत नव्हते. पदराच्या गाठीत राखेची पुडी ठेवायची. कुठल्याही नळाला हाताचा तळवा लावायचा नाही, कोपर लावायचं. काळीपिवळी जीपमध्ये दांड्याला धरलं की उतरल्यावर राख चोळायची. हॉटेलातला पेला तोंडाला लावायचा नाही. घरी आल्यावर चपला अंगणाबाहेर, साडी बादलीत, अंगावर पाणी, मगच चुलीजवळ. सून नवी आली तेव्हा मी तिला हे सगळं शिकवलं. ती हसायची.

"आत्या, तुमी तं डॉक्टर होयाले पायजे होत्या."

"झाली असती तं पयले तुह्या बापाले सुई टोचली असती," मी म्हटलं. ती आणखी हसली. पण शिकवलं ते सगळं तिनं पाळलं. पाणी सोडायचंही पाळलं.

मी बावळट नाही. पोटुशी बाईनं उपाशी राहू नये हे मला कळत होतं. तिच्यासाठी मी डब्यात दोन भाकरी जास्त घ्यायचे, गूळ घ्यायचे. पाणी मात्र नाही. पाणी प्यायलं की जावं लागणार, आणि जाणार कुठे? त्या ड्रमापाशी? पोटातल्या मुलाला जंतू लागू नयेत म्हणून मी तिच्या तोंडचं पाणी बंद केलं. असा हिशोब मी केला, आणि मला तो शहाणपणाचा वाटला.

त्या दिवशी सकाळी जीपमध्येच तिचं तोंड उतरलेलं होतं. कमरेत दुखतं म्हणाली. सातव्या महिन्यात कंबर दुखतेच, मी म्हटलं. तिला आठ दिवसांपासून लघवीला आग होत होती हे तिनं मला सांगितलं नव्हतं. नंतर मी विचारलं काऊन नाही सांगितलं, तर म्हणाली, "तुमी म्हटलं असतं, कुठी गेली होती, कुठला संडास वापरला." बरोबर होतं. मी तेच म्हटलं असतं.

दुपारी ती माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "आत्या, जाऊन येऊ का?"

"कुठी?"

तिनं संडासाकडे बघितलं.

"बस. चार वाजता घरी जाऊ."

थोड्या वेळानं पुन्हा. "आत्या, नाई थांबवत."

तेव्हा एक गिऱ्हाईक फडे निवडत होतं, प्रत्येक फडा आपटून बघत होतं. मी त्याच्याकडे बघतच म्हटलं, "बस ना व. मी बसली नाई का?"

तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. उठली. माझ्याआधी रांगेतून उठलेली ती पहिली बाई. शेजारची टेंभरंवाली म्हणाली, "पाय बाई तुही सून. बाजाराची मालकीण झाली." दुसरी म्हणाली, "आताच्या पोरीले आमच्यावानी दम नाई." दोघी हसल्या. मला राग आला तो सुनेचा. मी शिव्या देतच तिच्या मागे गेले, कारण ते दार बाहेरून कोणी धरल्याशिवाय तिथं बसता येत नाही. म्हणून मी दारात होते. मायेनं गेले असं कोणी समजू नये.

तिला बाहेर काढायला त्याच दोघी आल्या, हसणाऱ्या. एकीनं आपलं टेंभरांचं टोपलं तिथेच ओतून टाकलं आणि टोपल्याखालचं फडकं सुनेच्या अंगाखाली घातलं. ऑटोवाला म्हणाला, "साडी घाण आहे, सीट खराब होईन." टेंभरंवालीनं त्याला विचारलं, "तुही माय कुठी बसते रे?" त्यानं ऑटो चालू केला. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावली आणि तिथून गाडीनं मोठ्या दवाखान्यात पाठवलं. न विकलेले फडे माझ्या काखेतच होते. कुठे टाकायचे सुचलं नाही, म्हणून बरोबर नेले.

डॉक्टर पोरगीच होती, माझ्या सुनेपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी. तपासलं, लघवी तपासायला पाठवली, आणि मला बाजूला घेतलं.

"आजी, इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय. ताप फार आहे. बाळालाही धोका आहे, हिलाही. पाणी किती पिते ही?"

"घरी पिते."

"आणि बाहेर?"

मग सांगितलं, सगळं. नाला, भिंत, ड्रम, जंतू. मला वाटलं, ती म्हणेल आजी, काळजी घेतली हे बरं केलं.

ती म्हणाली, "तुम्हाला फोड आले ते वेगळं. हिचं दुखणं बहुतेक तिथं बसल्यानं आलेलं नाही. पाणी न पिता दिवसभर लघवी रोखून धरली की जंतू आतच वाढतात. गरोदरपणात तर लवकरच."

मला तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली. सांगणारी काल शाळेतून निघालेली, आणि मी चाळीस वर्षं बाजार केलेली. मी म्हटलं, "तुमी एक दिवस आमच्या बाजारात बसून दाखवा. पाणी पिऊन बसा. मग जा त्या खोलीत."

ती हातातला कागद घडी करत म्हणाली, "आजी, माझी चोवीस तासांची ड्युटी असते. इथल्या बायकांच्या बाथरूमची अवस्था बघा जाऊन. मीसुद्धा पाणी कमीच पिते. मलाही दोनदा झालंय हे."

एवढं शिकून तीही माझ्यासारखीच बसून राहिली होती. तेव्हा माझा राग तिच्यावरून उतरला, पण गेला नाही. कुठे ठेवावा ते कळेना. राग ठेवायला जागा लागते.

सुनेला दोन सलाईनी चालू होत्या. दर अर्ध्या तासानं तिला जावं लागे. तिची सलाईन उंच धरून मी तिला वॉर्डाच्या संडासाकडे नेलं, आणि दारातच थांबले. बाजाराहून वाईट. बाळंतिणींचा वॉर्ड, एकच चालू भांडं, आणि तेही तुंबलेलं. ओल्या चिंध्या, कापूस, रक्त. बाया अनवाणी आत जात होत्या, कारण चपला वॉर्डाबाहेर काढायला लावत होते, स्वच्छतेसाठी.

मी सुनेला परत खाटेवर नेलं आणि तिला भांडं आणून दिलं. मग फडे सोडले. वॉर्डातल्या आया घासायची पावडर ठेवतात तो डबा मागितला, मिळाला नाही, म्हणून गाठीतली राख घेतली. बादलीनं पाणी टाकलं. दोन फडे झिजेपर्यंत मी ती जागा घासली. माझ्या जन्मात मी दुसऱ्याचा संडास धुतला नव्हता. आमच्यात ते काम आपलं नाही असं म्हणतात, आणि मीही तसंच म्हणत आले. आपलं नाही, म्हणून घाण बघायची, नाक धरायचं, पाणी सोडायचं आणि घरी जायचं.

एक बाई दारात येऊन उभी राहिली. चांगल्या घरची, हातात थर्मास. विचारते, "बाई, तुमी कोण लोकं?"

"फडे विकणारी लोकं," मी म्हटलं. "तुमाले जायचं आहे का आत? जा. वापस येतानी एक बादली टाका."

तिनं नाक मुरडलं. पण गेली, आणि बादलीचा आवाज आला.

सफाईवाला संध्याकाळी आला तो माझ्यावरच चिडला. "आजी, साहेबानं पाह्यलं तं म्हणन मी काम नाई करत." तीन मजले त्याच्या एकट्याकडे होते. हातमोजे मागून दोन महिने झाले, म्हणाला. मी त्याच्याशी भांडले नाही. भांडायचं त्याच्याशी नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी माझा भाऊ आला, सुनेचा बाप. खाटेपाशी उभा राहिला, मुलीच्या कपाळावर हात ठेवला. मग मला म्हणाला, "बाई, तुह्या घरी दिली होती मी पोरगी." एवढंच. चाळीस शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मुलगा ट्रक सोडून आला, तो तर भिंतीकडे तोंड करून बसला.

तिसऱ्या दिवशी कळा सुरू झाल्या. थांबवायची औषधं दिली, थांबल्या नाहीत. मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. आत जायचं तर हात कोपरापर्यंत धुवायचे, चपला काढायच्या, अंगात वेगळा डगला घालायचा. मी हात धुतले, पुन्हा धुतले, आणखी धुतले. सिस्टर म्हणाली, "आजी, बस झालं. झाले स्वच्छ."

एका महिन्यानं मी बाजारात गेले. सून घरी होती. आपल्या जागेवर फडे मांडले, पाण्याची बाटली समोर ठेवली आणि सगळ्यांसमोर प्यायले. अर्धी बाटली. रांग बघत होती. मग मी उठले.

टेंभरंवालीनं विचारलं, "कुठी, बाई?"

"मुतायले," मी म्हटलं, मोठ्यानं, गिऱ्हाइकांसमोर. "चला. चौघी माह्यासंगं, चौघी माल पाहा." आणि मी बाजारापलीकडच्या सरकारी इमारतीकडे निघाले. तिथे एक संडास आहे, फरशीचा, नळ चालू, कुलूप लावलेला. शिपायाकडे किल्ली असते. दरवाजावर लिहिलं आहे, फक्त कर्मचाऱ्यांसाठी.

शिपाई म्हणाला, "बाई, बाजाराचा संडास तिकडे आहे."

"तिकडे तुह्या सायबाले पाठव. आमी इथी थांबतो, तो वापस येईपर्यंत."

"किल्ली देऊ शकत नाई. घाण करान तुमी."

माझ्या मागच्या चौघींनी हातातले फडे वर केले. मी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपल्या मनानं आणले होते. टेंभरंवाली म्हणाली, "आमी घाण करत नाई, भाऊ. आमी झाडू विकतो. तुह्या सायबाचं झाडून बी देतो." आतून दोन कारकून हसले. एक बाई कर्मचारी उठली, शिपायाच्या टेबलावरची किल्ली उचलली आणि माझ्या हातात दिली. तिलाही बहुतेक त्या बाजाराचा संडास माहीत होता.

आता दर बाजारी मी दोनदा उठते. किल्ली कधी मिळते, कधी "हरवते". हरवली की आम्ही दारात बसतो, सापडेपर्यंत. आत जाताना फडा आणि राख घेऊन जातो, निघताना धुऊन निघतो. आमच्या रांगेच्या पलीकडच्या भाजीवाल्याही आता येतात. बाजाराच्या संडासाला कडी अजून नाही, बांबू अजून आत आहेत, आणि भिंतीवरची बाई अजून हसते आहे. मी तिच्या तोंडावर एकदा चुना फासला होता. लोकांनी परत रंगवली. संडासाला मात्र त्यांना रंग मिळत नाही.

दिवाळीनंतर सून माझ्या शेजारी येऊन बसायला लागली. पाण्याची बाटली तिचीही असते. मला विचारत नाही, उठते, जाते, येते. रांगेची रीत मोडली म्हणून मी तिला काही म्हणत नाही. रीत मोडायला तिला जे द्यावं लागलं, ते मला माहीत आहे.

त्या उन्हाळ्यातून माझी सून जगली. मुलगी काचेच्या पेटीत सहा दिवस होती. ती जगली नाही.